नोंदणीकडून मानांकनाकडे : महाराष्ट्रातील रुग्णसेवेच्या गुणवत्ता-नियमनाची वाटचाल आणि नंदुरबार जिल्हा

प्रस्तावना

ब्राह्मणपुरी हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेपासून फार दूर नसलेले गाव होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. अशा भागातील रुग्ण गावातील दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याच्या ठिकाणचे खासगी रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांपैकी कोठेही उपचार घेतो. तेथील सेवा सुरक्षित आहे, याची खात्री त्याला कोण देते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. कायद्याने होणारी नोंदणी आणि गुणवत्तेचे मानांकन या दोन भिन्न परंपरा असून, दोन्हींचा प्रवास मोठ्या शहरी रुग्णालयांकडून लहान दवाखान्यांकडे झाला, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

मानांकन संकल्पनेचा उगम

रुग्णालयांच्या मानांकनाचा आधुनिक इतिहास अमेरिकेत सुरू होतो. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णावरील उपचाराचा अंतिम परिणाम नोंदवून ठेवावा, असा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभी धरला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने पुढे हा विचार उचलून धरला. तिने तयार केलेले किमान मानक अवघ्या एका पानाचे होते. वैद्यकांचा संघटित गट, त्यांची पात्रता, नियमित बैठका, रुग्णांच्या पूर्ण नोंदी आणि निदानाच्या सोयी एवढ्याच त्यातील अपेक्षा होत्या. तरीही शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली तेव्हा केवळ ८९ रुग्णालये या मानकास उतरली. अनुत्तीर्णांत अनेक नामवंत रुग्णालये असल्याने ती यादी जाहीर न करता जाळून टाकण्यात आली, असे सांगितले जाते. १९५१ मध्ये यातूनच जॉइंट कमिशन ही स्वतंत्र मानांकन संस्था उदयास आली. १९६६ मध्ये एव्हेडिस डोनाबेडियन यांनी गुणवत्तेचे संरचना, प्रक्रिया व परिणाम असे तीन घटक मांडले. आजची बहुतेक मानके याच त्रिसूत्रीवर उभी आहेत.

महाराष्ट्रातील नोंदणीचा कायदा

महाराष्ट्रात मात्र आरंभ कायद्यापासून झाला. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला. त्याची अंमलबजावणी दीर्घकाळ मोजक्या शहरांपुरती सीमित राहिली. शिवाय जागा, मनुष्यबळ व उपकरणे यांची सविस्तर किमान मानके त्यात नव्हती. २००५ मधील दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती वाढविण्यात आली, तर जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्क सनद, दरपत्रक प्रदर्शित करणे व तक्रार निवारण यंत्रणा यांची तरतूद केली.

या कायद्याची एक मर्यादा ग्रामीण भागाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रुग्णास दाखल करून घेऊन शुश्रूषा करणारी संस्था हीच त्याच्या कक्षेत येते. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा एका डॉक्टरचा दवाखाना त्याबाहेर राहतो. डॉक्टरची परिषदेकडील नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम त्याला लागू असले, तरी दवाखान्याच्या सेवेची एकत्रित तपासणी त्यातून होत नाही. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा लहान दवाखान्यांनाही व्यापणारा आहे, परंतु महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

ऐच्छिक मानांकनाची चळवळ

कायद्याच्या या उणिवा स्वयंसेवी संशोधकांनी प्रथम पुढे आणल्या. मुंबईतील सेहत या संस्थेने १९९० च्या दशकात खासगी रुग्णालयांच्या भौतिक दर्जाचे अभ्यास केले. त्यापुढे जाऊन रुग्णालयांचे मालक, डॉक्टरांच्या संघटना, शासन, विमा कंपन्या व ग्राहक प्रतिनिधी यांच्याशी चर्चा करून मानांकनाची व्यवस्था कशी उभारता येईल, याचाही तिने शोध घेतला. २००१ मध्ये या कार्यावरील शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय व्यवस्था उभी राहण्यापूर्वी महाराष्ट्रात ही चर्चा झाली होती, हे नोंद घेण्यासारखे आहे.

१९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत २००५-०६ च्या सुमारास एनएबीएच हे मानांकन मंडळ कार्यान्वित झाले. त्याची पद्धती महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित वाटू नये. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकप्रमाणेच येथेही संस्थेचे स्वयंमूल्यमापन, बाह्य परीक्षकांची भेट, उणिवांची पूर्तता आणि समितीचा निर्णय असे टप्पे आहेत. मोठ्या रुग्णालयांनंतर पन्नास खाटांपर्यंतच्या लहान संस्थांसाठी स्वतंत्र मानके व प्राथमिक पातळीचे प्रमाणन आले. बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठीही मानके तयार झाली. प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या महासंघाने ‘मान्यता’ हा सोळा वैद्यकीय मानकांचा उपक्रम चालविला.

शासकीय संस्था आणि नंदुरबारचा अनुभव

शासकीय संस्थांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके लागू झाली. त्यांच्या आठ क्षेत्रांत रुग्णांचे हक्क, संसर्ग नियंत्रण, वैद्यकीय सेवा व परिणाम यांचा समावेश आहे. परीक्षक केवळ कागदपत्रे पाहत नाही. तो प्रत्यक्ष निरीक्षण करतो, कर्मचाऱ्यांना विचारतो आणि रुग्णांशी बोलतो. २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’, तर २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ हे उपक्रम सुरू झाले. २०२४ मध्ये उपकेंद्र पातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी दूरदृश्य पद्धतीने मूल्यांकन सुरू झाले. म्हणजे सर्वांत लहान संस्थेपर्यंत हा प्रवाह पोहोचण्यास एक दशकाहून अधिक काळ लागला.

संरचना आणि प्रक्रिया यांतील भेद २०२१ मध्ये महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजून कळला. ९ जानेवारी रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा अर्भके दगावली. २१ एप्रिल रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती होऊन वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी इमारत व उपकरणे होती. याच काळात नंदुरबार जिल्ह्याने २०२० पासूनच प्राणवायू निर्मितीची संयंत्रे उभारली, आणि रुग्णाला मिळणाऱ्या प्राणवायूवर लक्ष ठेवण्यासाठी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्याची पद्धत अवलंबिली. संयंत्र ही संरचना होय, तर ठरावीक वेळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन प्रवाह तपासणारी परिचारिका ही प्रक्रिया होय. राज्यात दुर्गम गणल्या जाणाऱ्या जिल्ह्याने कोणत्याही प्रमाणपत्राविना मानांकनाचे मर्म आचरणात आणले, असे म्हणता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नोंदणी ही संस्था चालविण्याची परवानगी आहे. मानांकन हा तिच्या दैनंदिन कामाचा पडताळा आहे. एकाच्या आधारे दुसरे गृहीत धरणे रुग्णाच्या हिताचे नाही.

२. गुणवत्तेची मानके मोठ्या रुग्णालयांसाठी प्रथम घडली. ग्रामीण बाह्यरुग्ण दवाखाना आजही या व्यवस्थेच्या कडेलाच आहे, आणि आदिवासी भागातील रुग्णाचा पहिला संबंध बहुधा त्याच्याशीच येतो.

३. मानांकनाचा खर्च व कागदोपत्री भार लहान संस्थांना न पेलल्यास, प्रमाणपत्राशी जोडलेले आर्थिक लाभ मोठ्या रुग्णालयांकडेच जातील. त्यामुळे गावाजवळची सेवा सुधारण्याऐवजी बंद पडण्याचा धोका संभवतो. तालुका पातळीवर प्रशिक्षण व सामायिक साहाय्य मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कॉडमन यांचा मूळ प्रश्न रुग्ण बरा झाला का आणि नसल्यास का नाही, एवढाच होता. ब्राह्मणपुरीच्या दवाखान्यात हा प्रश्न नियमाने विचारला जाऊन त्याचे उत्तर वहीत नोंदविले जाऊ लागेल, तेव्हाच या शतकभराच्या वाटचालीचा लाभ तेथील रुग्णाला झाला असे म्हणता येईल.