लहान मेंदूनं शिकवलेला धडा

मागच्या व्याख्यानात आपण फ्लूरांस यांच्या कबुतरांपाशी थांबलो होतो. साल १८२४. लहान मेंदू काढला तरी कबुतर पंख हलवायचं. नीट उडणं मात्र जमेना. म्हणजे ताकद शाबूत, मेळ गेलेला. पण माणसाचं काय? याचं उत्तर पहिल्या महायुद्धात मिळालं, आणि त्याची किंमत सैनिकांनी मोजली. फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात गॉर्डन होम्स यांनी लहान मेंदूत गोळी लागलेले जवान तपासले. १९१७ साली निष्कर्ष छापले. जखम उजवीकडे, तर बिघाडही उजव्याच हातात. बोट नाकाला लावायला जावं, तर ते नेम चुकून भलतीकडेच जाई. त्यांचा एक रुग्ण म्हणाला, की डावा हात आपसूक चालतो, उजव्याची मात्र एकेक हालचाल विचार करून करावी लागते. आपण चहाचा कप सहज उचलतो ना? त्या ‘सहज’मागे कोण राबतं, हे आपल्याला त्या जखमींमुळे कळलं.