नावाला लागणारा बट्टा

बट्टा आज माणसाच्या नावाला लागतो. पूर्वी तो रुपयाला लागायचा.

पेशवाईत कनवटीला किती रुपये आहेत याच्याआधी कोणते आहेत हा प्रश्न यायचा. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये बाजारात फिरत. टांकसाळी अनेक, त्यांतल्या बऱ्याच मक्त्याने दिलेल्या. त्यामुळे वजन आणि चांदीचा कस सारखा नसे. सराफ रुपया दगडावर वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर खोट. मग तो जोखायचा. झिजलेल्या, हिणकस किंवा परमुलखातल्या नाण्यामागे जेवढं कापून घेतलं जाई, तो बट्टा. शेतकऱ्याला तो फार बोचे, कारण शेतसाऱ्यासाठी चालणारा रुपया हाती नसला की फरक त्याच्याच पदरी पडे. बंदा रुपया मोडून तांब्याचा खुर्दा घ्यायचा, तरी भाव सराफाचाच. खणखणीत, पारखलेला, हिणकस ही माणसांना लावायची विशेषणं आपण सराफाच्या पेढीवरूनच उचलली आहेत.

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र.

संस्थानांची नाणी मात्र चालूच राहिली. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का होता आणि तिथे बट्ट्याचा हिशेब आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत रोजचा होता. व्यवहार ठरताना ‘हाली की कलदार?’ हे आधी विचारावं लागे, कारण हाली रुपया हलका. संस्थान भारतात विलीन झाल्यावर सात हालींना सहा भारतीय रुपये हा दर धरला गेला. १९५१मध्ये हाली काढणं थांबलं, १९५९मध्ये तो चलनातून पूर्ण बाद झाला.

हा हिशेब तोंडी करणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. मराठवाड्यात तुमच्या घरी कुणी असेल, तर हाली-कलदारच्या आठवणी विचारून लिहून ठेवा.