लिस्बन: छत नसलेलं चर्च आणि एक प्रश्नावली

एकट्याने लिस्बन फिरताना एक अख्खा दिवस पाऊस होता. आडोसा म्हणून कार्मो मठाच्या चर्चमध्ये शिरलो, तर आतही पाऊस! कमानी उभ्या, पण वर छतच नाही.

ते पडलं १ नोव्हेंबर १७५५ ला. संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग त्सुनामी आणि कित्येक दिवस आग. हजारो माणसं गेली.

राजाचा मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? किती मेले? सिस्टिम कोसळली की आम्ही सॉफ्टवेअरवालेही आधी हेच करतो: नेमकं काय झालं ते नोंदवा. मठाच्या खालच्या बायशा भागात नवी घरं बांधताना भिंतींत लाकडी सांगाडा घातला. त्याला म्हणतात 'गायोला', म्हणजे पिंजरा. घर हादरलं तरी कोसळू नये म्हणून.

पण गोष्ट इथेच संपत नाही. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहिलं, हा देवाचा कोप आहे. घरं बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्या. पोंबालने त्याला शहराबाहेर घालवलं. १७६१ मध्ये इन्क्विझिशनने पाखंडी ठरवून त्याचा गळा आवळला आणि प्रेत जाळलं. तेव्हा सत्ता पोंबालच्याच हातात होती.

म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच वेगळं उत्तर सोसलं नाही. लिस्बनच्या पुनर्बांधणीचं कौतुक करताना मला हे गाळता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!