व्हिडिओ गेमची समीक्षा : निकालाकडून साक्षीकडे

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो या गावी, कचऱ्याची एक जुनी भर उकरण्यात आली. 'अटारी' या कंपनीने १९८३ साली आपला पडून राहिलेला माल तेथे पुरला होता. उकरणाऱ्यांच्या हाती इतर खेळांबरोबर 'ई. टी.' या व्हिडिओ गेमच्या प्रतीही लागल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटावर बेतलेला हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी १९८२ च्या नाताळची वेळ गाठण्यासाठी सुमारे पाच आठवड्यांत तयार केला होता. 'आजवरचा सर्वांत वाईट खेळ' हा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचाच. मात्र कचऱ्यातून निघालेली त्याची एक प्रत २०१४ सालीच स्मिथ्सोनियन संग्रहालयात दाखल झाली. खेळ काही मधल्या तीस वर्षांत चांगला झाला नव्हता. १९८२ च्या ग्राहकाला तो विकत घ्यावा की नाही एवढेच हवे होते. २०१४ च्या अभ्यासकाला तो नेमका काय होता हे जाणून घ्यायचे होते.

या दोन प्रश्नांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्य शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी गेमच्या परीक्षणांत का लक्ष घालावे, अशी शंका आमच्या काही वाचकांना येईल. तिला आमचे उत्तर सरळ आहे. मराठी कादंबरीच्या परीक्षणाचा आरंभ पाहायचा तर आपल्याला नियतकालिकांच्या जीर्ण फायली धुंडाळाव्या लागतात. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र एका कलाप्रकाराची समीक्षा आपल्या हयातीत जन्मली, वाढली आणि चुकलीही. त्या चुका आपल्या ओळखीच्या आहेत.

१९७९ मध्ये बिल कुंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी 'व्हिडिओ' या अमेरिकी मासिकात 'आर्केड अ‍ॅली' हे सदर सुरू केले. १९८१ मध्ये या दोघांनी जॉयस वर्ली यांच्यासह 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे स्वतंत्र मासिक काढले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघू लागले. चित्रे कशी आहेत, आवाज कसा आहे, नियंत्रण हाताला बसते का, पैसे वसूल होतात का, अशा प्रश्नांभोवती हे लेखन फिरत असे. तो ग्राहकसल्ला होता, आणि सल्ला म्हणून प्रामाणिक होता.

पुढे सल्ल्याचे गुणांत रूपांतर झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'फामित्सू' या जपानी नियतकालिकाची पद्धत प्रसिद्ध आहे : चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी गुण प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या खेळाला. या पद्धतीत एक शहाणपण होते असे आम्हांस वाटते. चौघांचे आकडे वेगवेगळे छापले जात, त्यामुळे मतभेद वाचकाच्या नजरेसमोर राहत. २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ आले. त्याने अनेक परीक्षणांची भारित सरासरी काढून शंभरपैकी एकच आकडा पुढे ठेवला. त्या आकड्यात मतभेद विरघळून गेले.

आकडा निरुपद्रवी नसतो. २०१० मध्ये 'ऑब्सिडियन' या संस्थेचा 'फॉलआउट : न्यू वेगास' प्रसिद्ध झाला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास संस्थेला प्रकाशकाकडून जादा रक्कम मिळणार होती, मिळाले ८४. ही हकीकत संस्थेचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितली. प्रसिद्धीच्या वेळी त्या खेळात तांत्रिक दोष भरपूर होते, आणि परीक्षकांनी ते दाखवले यात गैर काही नाही. परंतु पुढे दोष बऱ्याच अंशी दुरुस्त झाले आणि पक्ष, निष्ठा व परिणाम यांच्या गुंतागुंतीच्या मांडणीसाठी आज तो आपल्या प्रकारातील आदर्श मानला जातो. ८४ हा आकडा मात्र तसाच राहिला.

याच काळात विद्यापीठांतूनही विचार सुरू झाला होता. १९९७ मध्ये जॅनेट मरे यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' आणि एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट' ही पुस्तके आली. खेळ ही कथा मानावी की नियमांची रचना, हा वाद त्यानंतर अनेक वर्षे रंगला. २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग यांनी 'बायोशॉक'वर लिहिताना दाखवून दिले की या खेळाची कथा एक मूल्य सांगते आणि त्याचे नियम खेळाडूकडून दुसरेच मूल्य आचरून घेतात. आशय आणि रूपबंध यांच्या विसंवादाची ही मीमांसा साहित्याच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. उलट २०१० मध्ये चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत असे लिहिले, आणि काही महिन्यांतच, ज्यांचा पुरेसा अनुभव घेतला नाही त्यांविषयी बोलायला नको होते, अशी कबुलीही दिली. कृती न वाचता निकाल देणारे आपल्याकडेही कमी नाहीत. अशी कबुली देणारे विरळा.

अलीकडच्या काही खेळांकडे वळताना पहिली अडचण येते ती प्रकारभेदाची. सुनीताला खंडकाव्याची मोजपट्टी लावू नये, हे आपण वर्गात शिकवतो. शंभर गुणांची सरासरी मात्र सर्वांना एकच पट्टी लावते. 'डिस्को एलिझियम' (२०१९) हा भूमिकाप्रधान खेळ, पण त्यात लढाईची स्वतंत्र व्यवस्थाच नाही. स्मृती हरवलेल्या गुप्तहेराच्या मनातील चोवीस वृत्ती त्याच्याशी बोलतात, भांडतात, त्याला चुकीच्या वाटेला लावतात. येथे फासा उलटा पडला तरी गोष्ट थांबत नाही, अपयशातूनही ती पुढे सरकते. गद्यशैलीसाठी वाचावा असा हा खेळ, असा आमचा अभिप्राय आहे. 'एल्डन रिंग' (२०२२) याच्या अगदी उलट. त्याची कथा कोणी सांगत नाही. सापडलेल्या वस्तूंवरची त्रोटक वर्णने जोडत, शिलालेखांच्या तुकड्यांवरून राजवंश उभा करावा तशी ती उभी करावी लागते. त्याच्या काठिण्याबद्दल तक्रार झाली. आम्हांस ते काठिण्य आशयाचाच भाग वाटते, कारण मोडून पडलेल्या जगात पुनःपुन्हा मरणे हाच तेथील अनुभव आहे.

'बलात्रो' (२०२४) हा पत्त्यांचा खेळ. त्यात कथा नाही, पात्रे नाहीत. पोकरमधील हातांची मूल्ये चित्रविचित्र विदूषकांच्या पत्त्यांनी वाढवत न्यायची, एवढेच. कथा शोधणाऱ्या समीक्षकाची येथे पंचाईत होते, आणि केवळ चित्रे पाहणाऱ्या निरीक्षकाचीही. युरोपात खेळांना वयोगट ठरवून देणाऱ्या 'पेगी' या संस्थेने या खेळाला अठरा वर्षांवरील गटात टाकले, जरी त्यात खऱ्या पैशांची पैज कोठेच नाही. अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बारा वर्षांवरील गटात आला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा मारधाडीचा साहसी खेळ. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू सूत्रधारासारखी सांगतात, आणि तिचे काही प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात. लढाईच्या पट्टीवर तो तोकडा पडतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु निवेदनाच्या परंपरेच्या पट्टीवर त्याची मोजणी व्हायची राहून गेली आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. परीक्षकाच्या हातातील संहिता स्थिर नाही. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. प्रसिद्धीपूर्व परीक्षणांसाठी केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष निघाला की आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून त्याची विक्री थांबवली. सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या सुधारणेने त्याचे रूप पालटले. आता यांपैकी कोणत्या कृतीचे परीक्षण खरे मानायचे? 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये तर प्रत्येक खेळाडूच्या निवडींनी प्रसंग बदलतात, पात्रे मरतात किंवा वाचतात. परीक्षक ज्यावर लिहितो तो त्याचा स्वतःचा पाठ असतो. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. पण येथे प्रत्येक वाचक हा नवा लिपिकार आहे.

तिसरी अडचण ही अडचण नव्हे, संकट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा नेमबाजीचा खेळ २३ तारखेला सुरू झाला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, खेळ गेला. 'पी. टी.' हा २०१४ चा गाजलेला भयखेळ दुसऱ्याच वर्षी दुकानातून काढून घेण्यात आला. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ मधील अभ्यासानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थपणे खेळू द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. पुढच्या पिढीतील अभ्यासकाच्या हाती 'कॉन्कॉर्ड' पडणार नाही. त्यावरची परीक्षणे पडतील.

हे आपल्या परंपरेत घडून गेले आहे. विशाखदत्ताचे 'देवीचंद्रगुप्त' हे नाटक आज संपूर्ण उपलब्ध नाही. बाराव्या शतकातील रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी 'नाट्यदर्पण'मध्ये आपले नियम समजावताना त्यातील उतारे दिले, म्हणून ध्रुवदेवीच्या वेशात शत्रूकडे जाणारा चंद्रगुप्त आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा हेतू जतनाचा नव्हता. ते फक्त नेमके उदाहरण देत होते. त्यांनी 'देवीचंद्रगुप्त'ला चाळीसपैकी अडतीस गुण देऊन पुढचे पान उलटले असते, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

म्हणून समीक्षेने निकाल देऊच नये असे आम्ही म्हणत नाही. वाईटाला वाईट म्हणण्याचे धैर्य नसेल तर समीक्षा जाहिरात होते. मात्र निकालासोबत साक्ष हवी : कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर, किती तास खेळली, कोणती निवड केली, आणि त्या निवडीने हाताला व मनाला काय केले. आमच्या विद्यार्थ्यांनी खेळांवर जरूर लिहावे, पण या शिस्तीने लिहावे.

'ई. टी.' वाईट होता हे सर्वांना ठाऊक आहे. का वाईट होता, हे मात्र एका साध्या वर्णनाने कळते. त्या खेळात नायक पावलोपावली खड्ड्यांत पडतो, मान लांब करून हळूहळू वर तरंगतो, आणि काठावर येताच बहुधा पुन्हा पडतो. हे एवढे वाक्य ज्याने लिहून ठेवले, त्याने कोणत्याही शिक्क्यापेक्षा अधिक सांगितले. अलामोगोर्डोची भर कधीच उकरली गेली नसती, तरी त्या वाक्यावरून खेळाची कल्पना आली असती.