‘बी’ ऋण आला, म्हणून पाणी मोडले?

२५ अंश सेल्सिअसला पोटॅशियम क्लोराइडचे अर्धा मोलर द्रावण शुद्ध पाण्यापेक्षा किंचित सहज वाहते. मीठ घातल्यावर पाणी दाट व्हायचे, ते इथे पातळ होते. याचा उलगडा सहसा जोन्स-डोल समीकरणाच्या आधारे करतात. १९२९ च्या या समीकरणात सापेक्ष श्यानतेची दोन पदे आहेत: एक संहतीच्या वर्गमुळाशी, दुसरे थेट संहतीशी बांधलेले. पहिल्याचा गुणांक ‘ए’ हा आयनांच्या आपसातल्या विद्युत ओढाताणीचा, दुसऱ्याचा ‘बी’ हा आयन आणि द्रावक यांच्या नात्याचा. ‘बी’ धन असला की आयन ‘स्ट्रक्चर मेकर’, ऋण असला की ‘स्ट्रक्चर ब्रेकर’. म्हणून लिथियम (सुमारे ०.१५) पाण्याची रचना बांधतो आणि सीझियम (सुमारे -०.०४५) ती मोडतो, असे शिकवले जाते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. ‘बी’ची क्रमवारी आयनांच्या जलयोजनाच्या एन्ट्रॉपीशी चांगली जुळते, हे गर्नी यांनी दाखवले होते. पण मोजले ते वाहणे, आणि निकाल दिला तो रचनेचा. मधला पूल कुणी बांधलाच नाही.

पोटॅशियम क्लोराइडचा ‘बी’ पाण्यात -०.०१४ आहे, मिथेनॉलमध्ये तो सुमारे ०.७६ भरतो. मग काय, तेच मीठ तिथे ‘मेकर’ झाले? मिथेनॉलमध्ये पाण्यासारखे त्रिमितीय जाळेच नाही. बांधायचे काय आणि मोडायचे काय? मीठ तेच, बदलला तो संदर्भ.

मिश्र द्रावकात ही अडचण अधिकच टोचते. इथेनॉल आणि पाणी दोन्ही पातळ, पण २५ अंशांना त्यांचे जवळपास निम्मे-निम्मे मिश्रण दोघांहून दाट, पाण्याच्या अडीचपटीहून अधिक. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ती जमीनच मिठाआधी हललेली. त्यात आयनाभोवतीची गर्दी मिश्रणाच्या प्रमाणात नसते. तो आपले शेजारी निवडून घेतो. अशा वेळी ‘बी’ चढला एवढ्यावर ‘मिश्रणाची रचना घट्ट झाली’ असे लिहिणे म्हणजे शेजाऱ्यांची गणती न करता गावाचा स्वभाव ठरवणे. १९७४ मध्ये फीकिन्स, फ्रीमँटल आणि लॉरेन्स यांनी सरळ वाट दाखवली होती: ‘बी’चा अर्थ आंशिक मोलर आकारमाने आणि प्रवाहाला लागणारी सक्रियण मुक्त ऊर्जा यांतून लावायचा. ती मांडणी पाणी-मिथेनॉल मिश्रणांनाही लावली होती. शोधनिबंधांत तिचे सूत्र उतरवले जाते, आकडे भरले जातात आणि शेवटचे वाक्य पुन्हा ‘मेकर-ब्रेकर’चेच.

आणि आकडे तरी किती पक्के? ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची सापेक्ष श्यानता १ पेक्षा जेमतेम ०.०००४ ने अधिक (इतक्या विरल द्रावणात ‘ए’चे पद वरचढ ठरते). १०० सेकंदांच्या वहनकाळावर हे ०.०४ सेकंदांइतके. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची चूक याहून मोठी असते, आणि पाण्याची श्यानता तापमानाच्या एका अंशाला सुमारे २ टक्के हलते. ऑस्टवाल्डच्या श्यानतामापक नळीतून चार दशांश स्थळांपर्यंत ‘बी’ काढणाऱ्यांनी ते चौथे स्थळ कुठून आले, हे आधी स्वतःला विचारावे.

उरतो प्रत्यक्ष रचनेचा प्रश्न. २००३ मध्ये बाकर यांच्या डच गटाने लेसरच्या अतिलघू स्पंदांनी मॅग्नेशियम परक्लोरेटसारख्या क्षारांच्या द्रावणांतील पाण्याच्या रेणूंचे फिरणे तपासले. श्यानता चांगली वाढली होती. तरी आयनाच्या पहिल्या थराबाहेरचे रेणू शुद्ध पाण्यातल्यासारखेच फिरत होते. २०१० मध्ये बाकर यांच्याच गटाला उलट पुरावाही मिळाला: काही क्षारांत परिणाम त्या थरापलीकडे पोहोचतो. पण तो कुणा एकट्या आयनाचा नव्हता. मॅग्नेशियम आणि सल्फेटसारखी पाणी घट्ट धरणारी जोडी एकत्र आली, तेव्हाच तो दिसला. आणि आपण मात्र पोटॅशियम आणि क्लोराइड यांत ‘बी’ सोयीसाठी निम्मा-निम्मा वाटून प्रत्येक आयनाला वेगळे बिरुद लावतो.