उसने श्रेयांक

२०१८ साली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी आयआयटीच्या प्राध्यापकांचा अल्गोरिदमचा ऑनलाइन कोर्स केला. सुट्टीत अहमदपूरला घरी बसून व्हिडिओ पाहिले, नंतर केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. प्रमाणपत्र विभागप्रमुखांना दाखवलं. "छान केलंस. पण हाच विषय आपल्याकडे पुढच्या सत्रात आहे, तो द्यावाच लागेल," सर म्हणाले. दिला. राग मात्र बरीच वर्षं टिकला.

या नियमाचं मूळ जुनं आहे. १८५७ चं मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभं राहिलं: स्वतः शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. १८५८ साली लंडनने कॉलेजात न गेलेल्यांनाही परीक्षेला बसू दिलं. मुंबईच्या कायद्यात मात्र, सिनेटचा खास हुकूम नसेल तर, मान्य संस्थेचा दाखला लागायचा. विषय येतो एवढं पुरेसं नव्हतं. तो कुठे शिकलात, हेही बघितलं जायचं.

आमच्या भागाने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. अहमदपूर तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात होतं, आणि संस्थानाचं विद्यापीठ एकच, १९१८ चं उर्दू माध्यमाचं उस्मानिया. १९३८ साली वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांची झालेली वर्षं वाया जाणार होती. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. श्रेयांक हस्तांतरणाचे नियम तेव्हा नव्हते. कुणीतरी विश्वास ठेवला, एवढंच.

आता नियम आहेत. यूजीसीने २०१६ साली 'स्वयम्'च्या कोर्सना वीस टक्क्यांपर्यंत मुभा दिली, २०२१ साली ती चाळीसवर नेली. त्याच वर्षी आलेल्या श्रेयांक बँकेतही निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेचेच हवेत. त्यामागे पोटाचा प्रश्न आहेच: तासांवर शिक्षकांची पदं ठरतात, विद्यार्थ्यांवर फी. पण पदवीवर ज्यांची सही, त्यांनी तो विद्यार्थी थोडातरी पाहिलेला असावा, हेही खरं.

हे मला पटलं ते नोकरीत मुलाखती घ्यायला लागल्यावर. समोरच्याचं प्रमाणपत्र मीही बाजूला ठेवतो आणि म्हणतो, कोड लिहून दाखवा. तास-दीड तासात कळतं. सरांनी तेवढा तास मला दिला असता, तर एक अख्खं सत्र वाचलं असतं.