उकळणारी भुकटी

१/ १९२१ चा डिसेंबर. जर्मनीतील बीएएसएफ या रसायन कंपनीत फ्रिट्झ विंक्लर यांनी मुशीतील कोकच्या कणांखालून तप्त वायू सोडला. कण उचलले गेले, पण उडाले नाहीत; सारी रास उकळत्या द्रवासारखी खदखदू लागली.

२/ वर जाणारा वायूचा रेटा कणांचे वजन तोलून धरत होता. हाच ‘फ्लुइडाइज्ड बेड’.

३/ तोवर वायुनिर्मितीच्या भट्ट्यांना कोळशाचे खडे लागत. भुकटीने वायूची वाट तुंबे. विंक्लर यांच्या भट्टीने लिग्नाइटची भुकटीच पचवली. १९२६ मध्ये लॉयना येथील अमोनिया कारखान्याचे कॉम्प्रेसर तिच्या वायूवर चालू लागले.

४/ पुढे त्याच लॉयनात लिग्नाइटपासून पेट्रोल बनले आणि ते हिटलरच्या युद्धयंत्रणेला मिळाले. १२ मे १९४४ रोजी तेथे अमेरिकी बॉम्ब कोसळले. स्फोटकांना लागणाऱ्या अमोनियासाठी उभारलेला कारखाना युद्धाचे लक्ष्य ठरला होता.